मी जागचा उठलो नाही

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायकोपाशी नाही, बाबांपाशी तर नाहीच — आणि ज्याच्यापाशी बोलायला हवी होती, तो रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येतो, शेंगदाण्याच्या पोत्याला टेकून बसतो, माझ्यासोबत चहा पितो आणि जातो. त्याच्यासमोर जीभ उचलत नाही. तुमच्यासमोर उचलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, इथंही मी आपली सोयच पाहिली ना?

एकदम मुद्द्यावर यायला मला जमणार नाही. आधी दुकानाचं सांगतो.

आमचं किराणा दुकान सेलूला, बसस्टँडवरून गावात शिरताना पहिलंच. वर्ध्याहून नाहीतर नागपूरहून येणारा माणूस एसटीतून उतरला की त्याला समोर आमचे बाबा दिसायचे — गादीवर मांडी घातलेली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. तो माणूस सोयरिकीच्या चौकशीला आलेला असेल तर आल्याआल्या ओळखू यायचा. धुतलेलं धोतर, हातात पिशवी, आणि काही घ्यायचं नसताना उगाच डाळीच्या पोत्यात हात घालून बघणं. मग हळूच विचारायचा, अमक्याचं घर कसं आहे हो, पोट्टा कसा आहे. आम्ही ना त्यांच्या जातीचे, ना त्यांच्या भावकीतले. म्हणून तर बाबांना विचारायचे. तिऱ्हाईत माणसाला खोटं बोलायची गरज काय, असा हिशेब. मी शाळेत असल्यापासून हे पाहत आलो. नव्वदनंतरची ती सगळी वर्षं आमचं दुकान किराण्यासाठी कमी आणि चौकशीसाठी जास्त नावाजलेलं होतं.

बाबा बोलायचे मात्र फार कमी. त्यांची आपली एक रीत होती. घर चांगलं असलं की ते गादीवरून उठायचे. चपला पायात सरकवायचे, टोपी डोक्यावर ठेवायचे, गल्ला तसाच उघडा टाकायचे आणि ‘चाला’ म्हणून त्या पाहुण्याला थेट त्या घराच्या दारापर्यंत नेऊन सोडायचे. झालं. तेवढ्यानं लग्न ठरायचं. घर धड नसलं तर बसल्या जागेवरून बोट दाखवायचे — ते तिकडे, पिंपळाच्या पुढे. कोणाबद्दल वाकडा शब्द नाही. पण बाबा उठले नाहीत हे पाहुणा बरोबर पाहायचा, आणि बरेचदा पिंपळापर्यंतही न जाता परतीची गाडी धरायचा. ही रीत पार कारंजापर्यंत, अल्लीपुरापर्यंत लोकांना ठाऊक होती.

आणखी एक होतं. चौकशीला आलेल्या माणसाला त्या दिवशी बाबा काही विकायचे नाहीत. पोरांसाठी बिस्किटाचा पुडा मागितला तरी समोरच्या दुकानाकडे बोट. मला तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, चालून आलेलं गिऱ्हाईक! एकदा मी भांडलोसुद्धा. तर म्हणाले, “आज त्यानं माह्या शब्द नेला. सामान दुसऱ्याचं नेऊ दे.” मला तेव्हा हा माणूस निव्वळ भोळसट वाटला.

आता गजा. गजानन — पण गावात त्याला पूर्ण नावानं कोणी हाक मारली असेल तर मला आठवत नाही. आमचं बालपण एकत्र गेलं. त्याच्या वाडीतली केळी मी फुकट खाल्ली, माझ्या दुकानातला गूळ त्यानं. वडील लवकर गेले, तेव्हापासून तो आणि त्याची माय. ओलिताचं शेत, आणि घराला लागून पिठाची चक्की. शेत सकाळी, चक्की दुपारी. गावातल्या बाया डबे ओळीनं ठेवून जायच्या आणि गजा कोणाचं पीठ कोणाच्या डब्यात कधी जाऊ द्यायचा नाही. भुवया कायम पांढऱ्या. मी त्याला म्हातारबुवा म्हणायचो. तो मला शेठ म्हणायचा. दारू नाही, तंबाखू-खर्रा नाही, भांडण नाही. एकच खोड — बोलायला लागला की एकच गोष्ट दहा वेळा सांगायचा.

मी नागपूरला शिकून आलो आणि दुकानाच्या बाजूच्या खोलीत दोन कॉम्प्युटर टाकून कॅफे उघडला. सेलूत तेव्हा इंटरनेट म्हणजे अप्रूप. पोरं निकाल पाहायला यायची, रेल्वेची तिकिटं काढायला यायची. आणि मग ती साइट आली. नाव सांगत नाही, पुढे बंदच पडली ती. तिच्यावर आपलं नाव आणि फोटो टाकायचा, ओळखीची माणसं जोडत जायची, एकमेकांच्या पानावर दोन ओळी लिहायच्या. आपलं पान कोण कोण पाहून गेलं हेही तिथं दिसायचं — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. गावाच्या नावानं एक कम्युनिटी उघडता यायची. मी उघडली. ‘आपलं सेलू’. मालक मी.

बाप्पा, काय गर्दी झाली तिथं! पुण्यात, हैदराबादेत, कुठं कुठं गेलेली आपली पोरं. पाऊस आला का? नदीला पाणी किती? तान्ह्या पोळ्याचे फोटो टाक ना रे. मी टाकायचो. लाकडी नंदी घेऊन निघालेली लहान पोरं, डोक्याला फेटे, आणि खाली पुण्याहून कोणीतरी लिहायचं की डोळ्यात पाणी आलं भाऊ. मला वाटायचं, गाव आता माझ्या हातात आहे. आणि खोटं का बोलू — होतंच थोडंफार. पुण्याचा पोरगा लिहायचा, आईकडे महिन्याचा किराणा पोचव. त्याची आई वर्षानुवर्षं दुसऱ्या दुकानात जात होती, तिथल्या शेठाणीशी तिचं बसणं-उठणं होतं. ते तुटलं. तिला कोणी विचारलं नाही. पोरानं पुण्यात बसून ठरवलं आणि सामान माझ्याकडून गेलं. अशी कितीतरी घरं मी ओढली. लग्न जमलं की लग्नाचा किराणाही माझ्याकडेच, कारण बाहेरगावचे लोक आता स्थळाची चौकशीसुद्धा कम्युनिटीवर मलाच करायला लागले होते. मी ‘छान घर आहे’ लिहायचो, आणि पुढच्या महिन्यात त्याच घरची साखर, तेल, रवा माझ्या गोदामातून निघायचा.

बाबांना कुणकुण लागली. गादीवरून म्हणाले, “विजू, तू सांगून राह्यला का विकून राह्यला?”

मी हसलो. म्हटलं, बाबा, जमाना बदलला. त्यांच्याकडे तोवर चौकशीला येणारं माणूस क्वचितच उरलं होतं. ते टोपी गुडघ्यावर ठेवून रस्त्याकडे बघत बसायचे. गुडघेही गेलेच होते.

तुम्ही म्हणाल, यात तुझा गुन्हा कुठला? धंदा सगळेच करतात. थांबा. मी अजून अंगणातच फिरतो आहे.

गजाचं लग्न जमेना. त्याच्यात कमी काय होती? काहीच नाही, फक्त नोकरी नव्हती. पोरींना नोकरीवाला हवा होता, शहरातला हवा होता, आणि त्यांचं तरी काय चुकलं? वर्षं जात होती. त्याच्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली. माझंही लग्न व्हायचंच होतं. पण मी स्वतःला वेगळा समजायचो. मी पदवीवाला, दुकानवाला, कॉम्प्युटरवाला. मला काय, आज नाही तर उद्या. असं म्हणायचो, आणि तीन-चार जागांहून नकार आला होता तो कोणाला कळू द्यायचो नाही. गजालाही नाही.

मग कारंजाकडचं एक स्थळ गजाला सांगून आलं. वैशाली. डी.एड. झालेली, तिथल्याच एका खासगी शाळेत शिकवायची. पाहण्याचा कार्यक्रम झाला आणि गजा उड्या मारतच दुकानात आला. त्या पोरीनं म्हणे सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं की लग्नानंतर मी शिकवलेलं चालेल का. आणि हा गडी म्हणाला, “चालंन ना. मीच सोडून देत जाईन स्टँडवर.” ती हसली म्हणे. ही गोष्ट मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! चक्कीच्या आवाजातही तो ओरडून सांगायचा — हसली रे ते, शेठ, हसली. तिकडूनही निरोप आला की पोरीला पसंत आहे, घरच्यांनाही पसंत आहे, आता फक्त गावात एकदा चौकशी करतो आणि सुपारी फोडू.

फक्त चौकशी. म्हणजे झालंच की लग्न! गजाची चौकशी आमच्या दुकानात होणार आणि बाबा उठणार — यात कोणाला शंका होती? गजानं घराच्या पुढच्या भिंतीला चुना मारला. दारापुढची जुनी दगडी पायरी डगमगायची, ती काढून सिमेंटची नवी बसवली. पाहुणे बाबांसोबत चालत येतील, कोणाचा पाय अडकायला नको. त्याच्या मायनं नवी चादर काढून खाटेवर टाकली आणि तिच्यावर कोणाला बसू देईना. आणि आमचे बाबा? बाबांनी टोपी धुवायला टाकली. गुडघ्याला तेल चोळून घेतलं. मला म्हणाले, “एवढं एक घर दाखवून येतो. मंग बसतो निवांत.”

रोज सकाळी धुतलेली टोपी घालून ते गादीवर बसायला लागले. गुडघ्यावर नाही ठेवली — डोक्यावर. न जाणो, ऐन वेळी उशीर व्हायला नको.

चौकशीला माणूस आला नाही. संदेश आला. मला.

वैशालीचा भाऊ पुण्यात नोकरीला होता. त्यानं त्या साइटवर मला लिहिलं होतं. भर दुपार होती, कॅफेत कोणी नव्हतं, पलीकडे बाबा डुलक्या घेत होते. मजकूर अजून पाठ आहे. तुमच्या वडिलांबद्दल मामाकडून लहानपणापासून ऐकलं आहे, ते उठून घरापर्यंत नेतात. मला सुट्टी नाही, मामा आता फिरत नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारतो. गजाननराव कसे आहेत? तुमचा शब्द तो तुमच्या वडिलांचाच समजू. बहीण एकुलती एक आहे.

मी वाचलं. मग त्याच्या पानावर गेलो. तिथं बहिणीचा फोटो होता. स्कूटीला टेकून उभी, हसत. काय सांगू तुम्हाला — सुंदर वगैरे नाही, पण चेहऱ्यावर असं काही होतं की माणूस बघतच राहील. आणि माझ्या मनात आलं — ही? गजाला? त्या पीठमाख्याला? मला नाही कोणी, आणि गजाला ही?

एवढंच. याच्यामागे आणखी काही कारण असतं तर बरं झालं असतं. गजानं माझं कधी वाईट केलेलं नव्हतं. मला ती पोरगी करायची होती असंही नाही, ती आमच्या जातीचीही नव्हती. मला फक्त जळजळ झाली. आणि ती अजून आहे की विझली, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मी उत्तर लिहिलं नाही.

वाईटही लिहिलं नाही — हे मी स्वतःला किती वर्षं ऐकवत आलो! मी कुठं काय म्हणालो? मी गजाबद्दल एक शब्द वाकडा लिहिला असेल तर दाखवा. पण त्या भावाला दिसत होतं ना, की मी त्याचं पान पाहून गेलो. त्याला दिसत होतं की मी रोज कम्युनिटीवर आहे, इतरांना उत्तरं देतो आहे, फोटो टाकतो आहे. त्यानं पुन्हा एकदा लिहिलं — दादा, वाट पाहतो आहे. मी तेही वाचलं. त्याच्या मामानं त्याला आमच्या घरची रीत शिकवलेली होती. गादीवरचा माणूस उठला नाही तर काय समजायचं, हे त्याला नीट माहीत होतं. आणि त्याला ते माहीत आहे, हे मला माहीत होतं. मी बाबांचीच रीत वापरली. फक्त चांगल्या घराला लावली.

नंतर मध्यस्थाकडून निरोप आला की योग दिसत नाही. कारण दिलं नाही. अशा गोष्टींत कोणी देत नाही.

त्याच्या आधीच्या दिवसांत बाबा मला विचारायचे, “काबे, कारंजाचं कोनी आलं नाई काय?” आणि मी म्हणायचो, नाई. “काऊन नसंन आलं?” मी म्हणायचो, मले काय माहीत. निरोप आला त्या दिवशी त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले की आता आपल्याला कोणी विचारत नाही, आपली गरज उरली नाही लोकांना. तेव्हा मी सांगू शकलो असतो. विचारलं होतं बाबा, तुमच्याच नावानं विचारलं होतं. मी बेसन तोलत होतो. तोलत राहिलो. बाबांनी हळूहळू गादीवर बसणं सोडलं.

आणि गजा आला. पोत्याला टेकून बसला. त्याच्या भुवयांवर त्या दिवशी पीठ नव्हतं, चक्की बंदच ठेवली होती. मला म्हणाला, “शेठ, माह्यात काय कमी दिसलं असंन बे त्यायले?” मी म्हणालो, सोड ना, दुसऱ्या सतरा मिळतील. हे मी म्हणालो. याच तोंडानं.

तुम्हाला वाटेल, झालं ते एक स्थळ गेलं. मलाही तसंच वाटलं होतं. बाबा ज्या घरासाठी उठले नाहीत, त्या घराचीही लग्नं पुढे झालीच की. कोणी परतीच्या गाडीनं गेला की त्याच्यासोबत ती गोष्टही गेली, महिन्याभरात विसरली. पण मी जे केलं ते एसटीत बसून गेलं नाही. गजाच्या समाजाची त्याच साइटवर एक मोठी कम्युनिटी होती, चार-पाच जिल्ह्यांतली लग्नाची पोरं-पोरी आणि त्यांचे भाऊ त्यावर. तिथं पुढच्या वर्षी कोणीतरी विचारलं — सेलूचं एक स्थळ आहे, ओलिताचं शेत आणि चक्की, कोणाला माहिती आहे का? खाली वैशालीच्या भावानं लिहिलं होतं. आम्ही चौकशी केली होती. तिथं एक दुकान आहे, चांगल्या घरासाठी ते स्वतः उठतात. आमच्या वेळी त्यांनी साधं उत्तरही दिलं नाही. आम्ही समजलो काय ते.

त्याच्या खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. कोणी म्हणे दारू असेल. कोणी म्हणे आजार असेल, लपवत असतील. कोणी म्हणे आधी एक लग्न मोडलं आहे असं ऐकलं. कोणाकडून ऐकलं? कोणाकडूनच नाही. मी हे सगळं वाचलं. ती कम्युनिटी सगळ्यांना उघडी होती, मलाही तिथं लिहिता येत होतं. एक ओळ पुरली असती. ते दुकान माझं आहे, चूक माझी होती, गजासारखा माणूस नाही. बोटं कीबोर्डवर ठेवली मी. पण ती ओळ लिहिली तर लोक विचारणार — मग तेव्हा का गप्प होतास? काय सांगणार होतो?

मी खिडकी बंद केली.

त्यानंतर गजाच्या लग्नाची जी जी गोष्ट पुढे सरकली ती चौकशीपाशी येऊन मोडली. प्रत्येक घरात आता एक भाऊ होता आणि प्रत्येक भाऊ तिथं जाऊन पाहत होता. गजाला काही कळेना. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो समजत नव्हतं. एक दिवस धुतलेला शर्ट घालून आला, केस चापूनचोपून बसवलेले, आणि म्हणाला, “तुह्या कंपुटरवर माह्या फोटो टाकजो ना. सारे तिथंच जमवून राह्यले म्हनते.” मी त्याला दुकानासमोर उभं केलं. फोटो काढला. तो नीट उभाही राहिना, हात कुठं ठेवू विचारत होता. मी फोटो त्याच्या समाजाच्या त्याच कम्युनिटीवर टाकला. कुठं टाकतो आहे आणि त्याचं काय होणार आहे, हे मला माहीत असताना टाकला. त्यानं मला चहा पाजला.

आता जे सांगतो ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही, नाहीतर इथंच थांबलो असतो.

माझं लग्न जमायच्या बेतात होतं. मुलगी हिंगणघाटकडची. तिच्या घरचे म्हातारे आजोबा जुन्या वळणाचे — म्हणाले, ते फोटो-बिटो मला दाखवू नका, मी स्वतः जाऊन विचारीन. उतरले सेलूला. पण दुकान तर मुलाचंच, तिथं कसं विचारणार? म्हणून विचारत विचारत गेले ते पिठाच्या चक्कीवर, कारण तिथं गावाची सगळी खबर असते. मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी कॅफेत बसलो होतो. बाहेर पाहिलं तर रस्त्यानं गजा येतो आहे. चक्की मधेच बंद करून, बायांचे डबे तसेच ओळीत ठेवून. अंगभर पीठ, भुवया पांढऱ्या, आणि डोक्यावर टोपी. गजा टोपी घालत नाही कधी. कोणाची तरी मागून घातली असावी, त्याला ती लहान होत होती. त्याच्या मागे काठी टेकत ते आजोबा. गजा आमच्या दुकानासमोरून वळून सरळ दुकानाला लागून असलेल्या आमच्या घराच्या दारापर्यंत आला आणि बाजूला उभा राहिला. आजोबांना म्हणाला, “हे घर. याच्यावर मले काई सांगा लागत नाई.” त्या दिवशी बाबा कितीतरी महिन्यांनी गादीवर बसलेले होते. त्यांनी गजाला पाहिलं. टोपी पाहिली. भिंतीला हात धरून ते उठून उभे राहिले.

मी उठलो नाही. खुर्चीतून पाहत राहिलो.

माझं लग्न झालं. गजानं माझ्या वरातीत पाणी वाटलं. बाबा गेले, त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की लोकांना त्यांची गरज उरली नव्हती. साइट बंद पडली, ते लिहिलेलं सगळं पुसलं गेलं, आणि मी मूर्खासारखं हायसं वाटून घेतलं. पण तोवर गजाचं वय निघून गेलं होतं आणि गोष्ट लोकांच्या तोंडी बसली होती. गजाची माय गेली. ती नवी चादर तिनं शेवटपर्यंत कोणाला वापरू दिली नाही. ती सिमेंटची पायरी अजून जागच्या जागी पक्की आहे. मी त्याच्याकडे गेलो की तिच्यावर पाय द्यावाच लागतो, दुसरी वाट नाही. वैशालीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी कधी शोधलंही नाही.

कोणी म्हणेल आता सांगून टाक. सांगून काय देणार आहे मी त्याला? मन माझं हलकं होईल आणि त्याच्याजवळ उरलेली एकच गोष्ट — त्याचा शेठ — तीही जाईल. असं मी म्हणतो. पण हेही खरं कारण नसावं. खरं कारण तेच, जे त्या दुपारी होतं. मी भेकड आहे.

काल संध्याकाळी तो आला. माझी पोरगी गादीवर खेळत होती, त्याच्या भुवयांवरचं पीठ पुसत होती. तिला कडेवर घेऊन तो रस्त्यापर्यंत गेला, परत आला आणि मला म्हणाला, “इच्या वक्ताले कोनी चौकशीले आलं ना शेठ, तू उठू नोको. मीच आनीन त्यायले घरापर्यंत.”

मी मान डोलावून ‘हाव’ म्हणालो. दोन चहा सांगितले. चहा आला, आम्ही प्यायलो, आणि तो चक्कीवर गेला.